झाडांचे फेरफार

रात्री कुळथाचं पिठलं ओरपून सकाळी रक्तपेढीत कामावर येणाऱ्या तंत्रज्ञाला सहसा ठाऊक नसतं, की तिथल्या फ्रिजमध्येही कुळीथच आहे. ए गटाच्या रक्ताचे ए१ आणि ए२ असे उपगट ओळखायला जे द्रावण वापरतात, ते कुळथाच्या दाण्यांतल्या एका प्रथिनापासून करतात. हा गुण १९५१ मध्ये जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी ‘करंट सायन्स’मध्ये छापला. त्या प्रथिनाला आजही ‘डॉलिकॉस बायफ्लोरस लेक्टिन’ म्हणतात. कॅटलॉगांत तेच, शोधनिबंधांत तेच. भानगड एवढीच, की डॉलिकॉस बायफ्लोरस हे कुळथाचं नाव नाही. ते चवळीचं आहे.

वनस्पतींच्या नामकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये हे नाव दिलं, पुढच्यांनी ते कुळथाला चिकटवलं आणि वर्षानुवर्षं कुणी मागे वळून बघितलं नाही. मग लंडनच्या क्यू उद्यानातले बर्नार्ड व्हर्डकोर्ट शेंगांच्या कुळाची झाडाझडती घेत होते, त्यांनी मुळाशी जाऊन तपासलं. लिनियसने जे बघून नाव दिलं, ते झाड चवळीच्या घरातलं निघालं. कुळथाला मग लामार्कने दिलेलं ‘युनिफ्लोरस’ हे विशेषण शोधून काढावं लागलं, प्रजातही (नावातला पहिला शब्द) वेगळी ठरली, आणि १९७० मध्ये कुळीथ ‘मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम’ झाला. (हे व्हर्डकोर्ट गोगलगायींचेही तेवढेच मोठे जाणकार होते. एवढ्या चिकाटीच्या माणसाला सवयही चिकाटीच्याच जिवांची असावी.) शेतकी विद्यापीठांनी नवं नाव घेतलं. रक्तपेढ्यांनी नाही घेतलं, आणि आता घेतील असं वाटत नाही.

कुठल्याही कार्यशाळेत चहाच्या वेळी आम्हा वर्गीकरणवाल्यांना एक वनाधिकारी किंवा आयुर्वेदाचे प्राध्यापक गाठतातच. ‘तुम्हा लोकांना दुसरा उद्योग नाही का हो? पाठ केलेलं नाव दर दहा वर्षांनी बदलता!’ त्यांचा राग रास्त असतो, पण पत्ता चुकीचा. नावं बदलायला आम्हालाही नको असतात. आमच्याही तोंडात जुनीच नावं बसलेली असतात, आणि हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाच्या, कपाटातले गठ्ठे हलवायचे ते आम्हालाच.

या धंद्यात दोन प्रश्न असतात आणि बाहेरच्यांना ते एकच वाटतात. ही दोन झाडं एकच की वेगळी, हा पहिला. तो शास्त्राचा आहे, त्यावर मतभेद होतात, भांडणं होतात, आणि उत्तर उद्या बदलू शकतं. एकदा ते ठरलं, की मग त्या झाडाला नाव कोणतं, हा दुसरा प्रश्न. तो शुद्ध कायद्याचा. तिथे ज्ञान, अनुभव, लोकप्रियता यांतलं काही चालत नाही. चालते ती तारीख. १ मे १७५३ ही लिनियसच्या ‘स्पीशीज प्लांटारम’ची तारीख मानलेली आहे. त्यापासून पुढे जे नाव नियमानुसार आधी छापलं गेलं, ते खरं. घरातल्या तुळशीचंच घ्या. लिनियसने तिला १७५३ मध्ये ‘ऑसिमम टेन्युइफ्लोरम’ म्हटलं आणि १७६७ मध्ये, बहुधा दुसरीच समजून, ‘ऑसिमम सँक्टम’. दोन्ही एकच, असं ठरल्यावर पवित्र या अर्थाचं सुंदर नाव गेलं आणि बारीक फुलांचं रुक्ष नाव उरलं. औषधांच्या बाटल्यांवर अजून सँक्टमच छापतात, कारण ग्राहकाला तेच बरं वाटतं.

पहिल्या प्रश्नाचं काम कसं चालतं, ते हर्बेरियममध्ये बसल्याशिवाय कळत नाही. साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरचा जाड कागद. त्यावर दाबून वाळवलेली फांदी, सुई-दोऱ्याने टाके घालून बसवलेली. खाली उजव्या कोपऱ्यात लेबल: कुणी गोळा केली, कुठे, कधी, कितवा नमुना. डांबरगोळ्यांचा वास. जुन्या शीटना कसर लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड चोपडलेलं असायचं, तेव्हा पान उलटायला बोट जिभेला लावायचं नाही, हा इथला पहिला धडा. वाळलेलं फूल बघायचं असेल, तर ते गरम पाण्यात थोडा वेळ भिजवायचं. शंभर वर्षांपूर्वीची पाकळी पाण्यात अशी उलगडते, की बघत राहावं. मग सुयांनी तिचे भाग सुटे करायचे, भिंगाखाली बघायचे, आणि काम झालं की सगळे तुकडे कागदाच्या छोट्या पुडीत घालून ती पुडी त्याच शीटला चिकटवायची. फेकायचं काही नाही. पुढच्याला तेच बघायचं असतं.

आणि लेबलच्या वर असतात त्या चिठ्ठ्या. एखाद्याने शीट तपासली आणि त्याला नाव वेगळं वाटलं, तर त्याने आपली चिठ्ठी लावायची: नवं नाव, स्वतःचं नाव, वर्ष. जुनी चिठ्ठी काढायची नाही, खोडायचीही नाही. सातबाऱ्यावर फेरफाराच्या नोंदी एकाखाली एक चढत जाव्यात, तशी ही शीट वाचायची. कुणाचा ताबा कधी होता, सगळं दिसतं. या चिठ्ठ्यांवरून माणसंही कळतात. कुणी नावापुढे प्रश्नचिन्ह टाकून सुटतो. कुणी पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘पुंकेसर पाहा’ एवढंच लिहून जातो. शोधनिबंधात एखाद्या हर्बेरियमच्या खुणेपुढे उद्गारचिन्ह दिसलं, तर ते आश्चर्याचं नसतं. ‘हा नमुना मी स्वतः पाहिला आहे’ असा त्याचा अर्थ. ते चिन्ह लावण्यासाठी लोक क्यूला, एडिनबरोला गेलेले आहेत.

ज्या एका नमुन्यावर नाव कायमचं टांगलेलं असतं, त्याला टाइप म्हणतात. तो वेगळ्या, बहुधा लाल काठाच्या फोल्डरमध्ये. लिनियसकडे पुष्कळदा नमुना नसायचाच, त्याने चित्रावरूनच नाव दिलेलं असायचं, आणि मग ते चित्रच टाइप धरावं लागतं. आपल्याकडच्या कितीतरी झाडांसाठी ही चित्रं ‘हॉर्टस मलाबारिकस’मधली आहेत. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने करवलेला हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचं देवनागरीतलं प्रमाणपत्र छापलेलं आहे, मजकूर खरा असल्याची हमी देणारं. देवनागरी अक्षरं छापखान्यात चढल्याचं हे फार जुनं उदाहरण. झाडांच्या नावांचा शोध घेता घेता माणूस अशा ठिकाणी पोचतो.

तारखेचा कायदा किती आंधळा असतो, ते नरक्या सांगतो. सह्याद्रीतलं हे दुर्गंधी फुलांचं झाड कॅम्प्टोथेसिनसाठी प्रसिद्ध, कर्करोगावरची औषधं त्यापासून बनतात आणि त्यापायी जंगलातून त्याची चोरटी तोडही भरपूर झाली. जुन्या पुस्तकांत ते ‘मॅपिया फोएटिडा’, नंतर ‘नोथापोडायटीस फोएटिडा’. ‘फोएटिडा’ म्हणजे घाण वासाचं. रॉबर्ट वाइट यांनी दिलेलं हे विशेषण इतकं चपखल, की कुणाला बदलावंसं वाटलं नसतं. पण वाइट यांच्या आधी मुंबईत जॉन ग्रॅहॅम नावाचे गृहस्थ होते. नोकरी पोस्टात, डेप्युटी पोस्टमास्टर जनरलची. ओढा झाडांचा. त्यांनी मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी करायला घेतली आणि १८३९ मध्ये ती छापून पुरी व्हायच्या आतच ते खंडाळ्याला वारले. उरलेलं काम त्यांचे मित्र जोसेफ निम्मो यांनी तडीस नेलं. या यादीत ग्रॅहॅम यांनी नरक्याला निम्मोंचं नाव दिलं होतं: ‘प्रेम्ना निम्मोनिआना’. प्रजात साफ चुकलेली, कारण प्रेम्ना म्हणजे आपली अरणी, नरक्याचा तिच्याशी संबंध नाही. कायद्याला त्याचं काही वाटत नाही. विशेषण आधी छापलं ना, मग ते टिकणार. सुमारे १४० वर्षांनी डेव्हिड मॅबर्ली यांनी ती नोंद हुडकली आणि झाडाचं नाव ‘नोथापोडायटीस निम्मोनिआना’ झालं. औषधशास्त्राच्या शोधनिबंधांत आता तीनही नावं फिरतात. संदर्भ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला तिन्हींनी शोधावं लागतं, नाहीतर निम्मा इतिहास हातून निसटतो.

पण तारखेपुढेही एक न्यायालय आहे, आणि तिथे मतदान होतं. आमच्या व्यवसायातला सगळ्यात कडू किस्सा तिथलाच. बाभळीचा.

‘अकेशिया’ हे नाव अठराव्या शतकापासून रूढ. त्याचा टाइप आपली बाभूळ, तेव्हाची ‘अकेशिया निलोटिका’. आफ्रिका, भारत, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, सगळीकडची तसली झाडं या एका प्रजातीत कोंबलेली होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस पुरावे साचत गेले आणि पुढे डीएनएने त्यांवर शिक्का मारला, की ही एक प्रजात नाहीच, किमान चार-पाच आहेत. इथपर्यंत वाद नव्हता. फोडायची तर फोडा. पण मग ‘अकेशिया’ हे नाव कुणाकडे राहणार? कायदा स्पष्ट होता: टाइप ज्याच्या घरात, नाव त्याचं. म्हणजे बाभळीचं. ऑस्ट्रेलियातल्या हजाराच्या आसपास जातींना ‘रॅकोस्पर्मा’ हे नाव घ्यावं लागणार होतं, आणि ते लेस्ली पेडली या ऑस्ट्रेलियन माणसानेच १९८६ मध्ये वापरून दाखवलं होतं. त्याच्या देशबांधवांना ते अजिबात रुचलं नाही. वॉटल हे त्यांचं राष्ट्रीय फूल. २००३ मध्ये ऑर्चर्ड आणि मास्लिन या दोघांनी प्रस्ताव मांडला: टाइपच बदला. बाभळीऐवजी एक ऑस्ट्रेलियन जात टाइप धरा. जाती त्यांच्याकडे जास्त, तेव्हा नावं बदलण्याचा त्रास कमी.

समित्यांनी मान्यता दिली आणि २००५ मध्ये व्हिएन्नाच्या जागतिक वनस्पतिशास्त्र परिषदेत प्रकरण आलं. या परिषदेच्या आधी आठवडाभर नावांच्या नियमांवर वेगळी बैठक बसते. मोठी हर्बेरियमं आपली मतं प्रतिनिधीकडे देतात, त्यामुळे एका माणसाच्या खिशात अनेक मतं असू शकतात. ज्यांच्याकडे विमानभाड्याचे पैसे, त्यांचा आवाज मोठा. जवळपास ५५ टक्के मतं टाइप बदलण्याच्या विरोधात पडली. बहुमत बाभळीच्या बाजूने! तरी बाभूळ हरली, कारण समितीची शिफारस फिरवायला ६० टक्के लागतात, असं ठरवण्यात आलं. आफ्रिकेतले अभ्यासक संतापले. सहा वर्षं पत्रं, लेख, आक्षेप चालले. पुढची परिषद २०११ मध्ये भरली ती मेलबर्नला, म्हणजे प्रतिवादीच्याच अंगणात. तिथे ३७३ विरुद्ध १७२ मतांनी व्हिएन्नाचा निर्णय कायम झाला. मला विचाराल तर सोयीच्या हिशोबात ऑस्ट्रेलियावाल्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं, रीत मात्र पटण्यासारखी नव्हती. बहुमताने हरलेल्या बाजूला नाव मिळालं, हे आमच्या पिढीला अजून खुपतं.

परिणाम असा. बाभूळ आता ‘व्हॅचेलिया निलोटिका’. व्हॅचेल नावाचे एक पाद्री मकाऊला होते, झाडं गोळा करायचे, त्यांच्यावरून. आणि सामाजिक वनीकरणाने कोकण-गोव्यात रस्तोरस्ती लावलेली ती काटे नसलेली, पिवळ्या लोंबत्या फुलांची ऑस्ट्रेलियन झाडं, ज्यांना तिथला सामान्य माणूस नर्सरीवाल्याचं ऐकून ‘अकेशिया’ म्हणतो, ती कायद्याने खरोखरच अकेशिया ठरली. ‘अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस’. रत्नागिरीतला रिक्षावाला बरोबर आणि आमची जुनी पाठ्यपुस्तकं चूक, असा हा निकाल आहे.

याच फाळणीत खैर तिसऱ्याच घरात गेला: ‘सेनेगालिया कॅटेचू’. त्याच्या ‘कॅटेचू’मध्ये आणखी एक घरगुती मामला आहे. लिनियसने १७५३ मध्ये सुपारीला ‘अरेका कॅटेचू’ म्हटलं, म्हणजे काताचं विशेषण सुपारीला देऊन टाकलं. विड्यातला कात येतो खैरापासून. पुढे त्याच्याच मुलाने खैराचं वर्णन केलं आणि त्याला ‘मिमोसा कॅटेचू’ म्हटलं. मिमोसा, अकेशिया, सेनेगालिया असा खैर तीन घरं फिरला, कॅटेचू मात्र सोबत राहिलं. बापाचं आणि मुलाचं, दोन्ही कॅटेचू पानात एकत्र चघळले जातात. भिन्न प्रजातींत एकच विशेषण चालतं, म्हणून कायद्याची हरकत नाही.

या सगळ्यात माणसांचे दोन स्वभाव सारखे भेटतात. एक जोडणारे, दुसरे तोडणारे. आमच्यात त्यांना लंपर आणि स्प्लिटर म्हणतात, आणि एखाद्याची ओळख करून देताना हे आधी सांगतात. तोडणाऱ्यांचा मुकुटमणी डच शास्त्रज्ञ ब्रेमेकाम्प. १९४४ मध्ये, हॉलंड जर्मनांच्या टाचेखाली असताना, त्याने ‘स्ट्रोबिलँथस’ या एका प्रजातीच्या पन्नासहून अधिक प्रजाती केल्या, परागकणांचे बारीकसारीक फरक हुडकून. त्यात आपल्या कारवीला स्वतःची प्रजात मिळाली आणि तिचं नाव त्याने ठेवलं ‘कार्विया’. थेट मराठीतून! पण पुढे ब्रिटिश अभ्यासकांनी नव्याने तपासणी केली, तेव्हा ब्रेमेकाम्पच्या कप्प्यांतले पुष्कळसे टिकले नाहीत. कारवी परत ‘स्ट्रोबिलँथस कॅलोसा’. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या झाडांची प्रजात परागकणांवर ठरवायची म्हणजे एखाद्याची अर्धी कारकीर्द फुलाची वाट बघण्यात जायची. शास्त्र म्हणून जोडणारे बरोबर असतील. कार्विया गेल्याचं वाईट वाटतं, एवढं म्हणायला हरकत नसावी.

लॅटिनबद्दलही थोडं. १९३५ पासून २०११ संपेपर्यंत नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्ये छापल्याशिवाय नाव वैध होत नसे. कास पठारावर गुडघाभर चिखलात सापडलेल्या गवताचं वर्णन लॅटिनमध्ये! बहुतेकांची भिस्त विल्यम स्टर्न यांच्या ‘बोटॅनिकल लॅटिन’वर आणि मागच्या एखाद्या वर्णनातली वाक्यं विशेषणं बदलून वापरण्यावर असायची. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजी चालू लागलं. जुनी मंडळी हळहळली, तरुणांनी सुटकेचा श्वास सोडला.

शिवनेरीचं शिवसुमन हे मात्र वेगळंच प्रकरण आहे, आणि त्याचा फेरफार अजून मिटलेला नाही. कड्याच्या भेगेत लोंबणारी मांसल खोडं, पावसाळ्यात त्यांवर चांगली हिरवी पानं, आणि गर्द किरमिजी, पिवळसर ठिपक्यांचं चांदणीसारखं फूल, माश्यांना बोलावणारं. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याचे वनाधिकारी डाल्झेल यांना ते जुन्नर परिसरात मिळालं. या कुळातल्या मांसल खोडांच्या मंडळींना खरी पानं नसतात, या वनस्पतीला होती. डाल्झेलनी तिच्यासाठी वेगळी प्रजात उभी केली आणि गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव दिलं: ‘फ्रेरिआ इंडिका’. एका प्रजातीत एकच जात, तीही फक्त महाराष्ट्रात. आमच्यासाठी हा अभिमानाचा विषय.

१९५८ मध्ये गॉर्डन रोली यांनी ती ‘कॅराल्युमा’त घातली. तिथे ‘इंडिका’ विशेषण आधीच दुसऱ्या झाडाने घेतलेलं होतं. एका घरात एकाच नावाचे दोघे चालत नाहीत, म्हणून रोलींनी नवं विशेषण केलं: ‘फ्रेरी’. गव्हर्नरसाहेब प्रजातीच्या गादीवरून उतरून जातीच्या ओसरीवर आले. २००२ मध्ये मेव्हे आणि लीड यांनी डीएनएच्या आधारे ती ‘बाउसेरोशिया’त नेली. आणि २०१७ मध्ये पीटर ब्रुइन्स आणि सहकाऱ्यांनी कहरच केला. त्यांचं म्हणणं, ही सगळी मांसल खोडांची मंडळी मुळात ‘सेरोपेजिया’च्याच झाडावरच्या फांद्या आहेत, तेव्हा सगळ्यांना एकत्र सेरोपेजियातच घाला. शेकडो नावं एका फटक्यात बदलली. म्हणजे शिवनेरीच्या कड्यावरची पानवाली मांसल वनस्पती आणि नाशिकच्या अंजनेरीवर २००६ मध्ये वर्णिलेली ती नाजूक कंदील-फुलाची ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ आता एकाच प्रजातीत. डीएनएची फांदी बघितली तर ब्रुइन्स यांचं तर्कशास्त्र चोख आहे. पण सेरोपेजियाच्या जाती कड्याकपारीत हिंडून शोधणाऱ्या आपल्याकडच्या कुणालाही हा घास सहज गिळता आलेला नाही. काही जण मानतात, काही बाउसेरोशियावर थांबलेत, काही फ्रेरिआ सोडायलाच तयार नाहीत. हा पहिला प्रश्न आहे, शास्त्राचा, त्यामुळे कुणीही कायदा मोडत नाही.

आणि ते गव्हर्नरसाहेब? मुंबईनंतर फ्रेअर दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर झाले आणि १८७९ च्या झुलू युद्धाला त्यांचीच धोरणं कारणीभूत ठरली. अशा खुपणाऱ्या नावांचं काय करायचं, हा प्रश्न अलीकडे पुढे आला आहे. जुलै २०२४ मध्ये माद्रिदच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत, आफ्रिकेतल्या काळ्या लोकांना हिणवणाऱ्या ‘काफ्रा’ आणि तत्सम विशेषणांतला ‘क’ काढून ती ‘आफ्रा’ करावीत, असा प्रस्ताव ३५१ विरुद्ध २०५ मतांनी मंजूर झाला. आपल्या पांगाऱ्याचा आफ्रिकन भाऊ ‘एरिथ्रिना काफ्रा’ तेव्हा ‘एरिथ्रिना आफ्रा’ झाला. अडीचशेहून जास्त वर्षांत सभ्यतेच्या कारणाने नावं बदलण्याची ही पहिलीच वेळ. अपमानकारक नावं नाकारणारी समितीही नेमायचं ठरलं, पण तिचा अंमल २०२६ पासून पुढे छापल्या जाणाऱ्या नावांपुरताच. मागच्यांना हात लावायचा नाही. त्यामुळे झाड बाउसेरोशियात राहो की सेरोपेजियात जावो, फ्रेअरसाहेब त्याच्यासोबत आहेतच. विद्यार्थ्यांना शिवनेरीवर नेलं, की मी त्यांना चारही नावं सांगतो आणि वहीत शिवसुमन लिहायला लावतो. परीक्षेत मात्र फ्रेरिआच लिहा, हेही सांगावं लागतं, कारण पेपर काढणाऱ्यांच्या नोट्स जुन्या आहेत.